वाळक्या फुलांची चोर

आमच्या राजाजीनगरात पहाटे साडेपाचला फुलचोर निघतात. चोर म्हणजे कोण, तर चांगली घरंदाज माणसं. डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटर, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात टोकाला वाकडी तार बांधलेली काठी. लोकांच्या कंपाउंडबाहेर डोकावणारी जास्वंद, कण्हेर, तगर तारेने खाली ओढायची, पिशवी भरायची आणि घरी जाऊन देवाला वाहायची. देवासाठी नेलेलं फूल चोरीत धरत नाहीत, असा इथे सगळ्यांचा सोयीस्कर समज आहे.

मी त्यांच्या मागून, साडेसहाला निघते. पिशवी माझ्याकडेही असते. शिवाय कुडत्याच्या खिशात शिंप्याकडे धागे तोडायला असते तसली बोटभर कात्री. पण मी ताज्या फुलाला हात लावत नाही. मला लागतात ती वाळलेली, मान टाकलेली, तपकिरी पडलेली फुलं. दुसऱ्याच्या फाटकावर वाळका गुलाब दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. इकडेतिकडे बघायचं, कच्चकन देठ छाटायचा, पिशवीत टाकायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे चालू लागायचं. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलबाहेर, कुठेही मी हे केलेलं आहे. एकदा नवऱ्याच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो, तर हात धुण्याच्या निमित्ताने गॅलरीत जाऊन मी त्यांची अख्खी शेवंती साफ करून आले. 

ही खोड मला लावली अक्कांनी. अक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी चिंचवडहून इथे आले, तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. तिसऱ्या दिवशी समोरच्या खिडकीतून एक बाई ओरडल्या, "काय गं, जेवण झालं काय?" मी आनंदाने रडायचीच बाकी होते. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरातल्या घरात जपलेली आणि तिच्यात कानडी सढळ हाताने कालवलेली. मी चिंचवडची आहे हे त्यांना हजारदा सांगून झालं, पण आजतागायत त्या मला 'पुणेकरीण' म्हणतात.

अक्कांच्या अंगणात गुलाब होते, शेवंती होती, जरबेरा होता, आणि बाराही महिने त्यातलं काही ना काही फुललेलं असायचं. आमच्या दारातली शेवंती मात्र एकदा फुलून गेली की झिपऱ्या सोडून बसायची. एक दिवस अक्का कात्री घेऊन रस्ता ओलांडून आल्या. "वाळलं फूल ठेवलंस की झाडाला वाटतंय, झालं माझं काम. मग ते बी धरून बसतंय. तू ते काढून टाक. मग ते येडं पुन्हा फुलतंय. झाडाला फसवायचं, समजलं?" कुठे कापायचं तेही त्यांनीच दाखवलं. नुसतं फूल खुडायचं नाही, खालच्या चांगल्या पानापर्यंत यायचं आणि त्याच्या जरा वर तिरकं कापायचं. शेवंतीचा बहर सरला की ती वीतभर ठेवून बाकी सगळी उडवायची. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, आणि कापायच्या आधी त्याला तसं सांगायचं. "फसवायचं आणि सांगायचं पण?" मी विचारलं. "कापतो म्हणून सांगायचं. फसवतो म्हणून कोण सांगतंय!" अक्का म्हणाल्या.

दोनेक वर्षांपूर्वी मी चौथ्या क्रॉसवर, म्हणजे इथल्या चौथ्या गल्लीत, पकडली गेले. एका निवृत्त हेडमास्तरांच्या फाटकाशी, कात्रीसकट. ते बिचारे आठवडाभर पहाटेपासून जास्वंदीच्या चोरासाठी टपून बसले होते आणि हाती लागले मी. "पिशवी रिकामी करा," त्यांनी हुकूम सोडला. मी पायरीवर पिशवी उलटी केली. त्यातून निघाला वाळका पाचोळा. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चोर सापडला, पण मुद्देमाल असा! तेवढ्यात त्यांच्या बायकोने आतून येऊन ढीग पाहिला आणि दोन पावलं मागे सरकली. सुकलेली फुलं फाटकावरून गुपचूप नेतात म्हणजे करणीलाच, अशी तिची खात्री पटली. माझी कानडी अशा आरोपाला पुरी पडत नाही. मी घाबरून अक्कांना फोन लावला. अक्का दहा मिनिटं स्पीकरवर बोलत होत्या. त्यानंतर मास्तरांनी मला कॉफी दिली आणि मागच्या अंगणातले गुलाबही स्वल्प बघता का, म्हणून विचारलं.

संध्याकाळी अक्का मला म्हणाल्या, "पकडली जातेस म्हणजे काय? लाज काढलीस माझी."

तोवर त्यांचे गुडघे पार गेले होते. पहिल्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं होतं. दिवसभर त्या रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायच्या. खिडकीच्या ग्रिलपर्यंत त्यांच्या अंगणातली एक वेल चढली होती. नर्सरीवाले तिला होया म्हणतात, अक्का मेणाची वेल म्हणायच्या. तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली, जाड पानांची. तिला चांदण्यांसारख्या बारीक फुलांचे गेंद येतात, मेणातून पाडल्यासारखे गुळगुळीत, आणि संध्याकाळी त्यांचा असा वास सुटतो की आमच्या घरापर्यंत यायचा. ती वेल अक्कांच्या सासूबाईंनी लावलेली. तिच्या वाटेला मी कधी गेले नव्हते, कारण ती वर अक्कांच्या हाताशी होती आणि तिचं सगळं त्या स्वतः बघायच्या.

मागच्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले. अक्का म्हणाल्या, "मुलगा घर पाडतोय. चार मजले उठवणार म्हणे. तोवर मी त्याच्याकडे हेब्बाळला. अकराव्या मजल्यावर."

"मग बरंच की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"काय बरं? इथं फाटक वाजलं की माणूस आलं. तिथं खाली वॉचमनला नाव सांगायचं, मग तो वर फोन करणार, मग लिफ्ट. कोण येतंय एवढं करून? फोनवरच विचारतील, बऱ्या आहात ना अक्का. संपलं."

"मी येईन ना!"

"तू? तुझी नणंद इथंच व्हाइटफील्डला राहते तर तीन वर्षांत गेली नाहीस."

हे खरं होतं, त्यामुळे मी तिळगूळ खात राहिले. मग अक्कांनी वेलीकडे बोट केलं. "उगादीच्या, तुमच्या पाडव्याच्या सुमाराला फुलते ही. एकदा फुललेली बघायची आणि मग जायचं. मुलाला सांगितलंय, त्याच्या आधी हलणार नाही म्हणून."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आपण अक्कांसाठी काहीतरी केलं पाहिजे. तो म्हणाला, "जे करशील ते कात्री न घेता कर." या माणसाला कधी कधी पुढचं दिसतं.

पुढच्या आठवड्यात, दुपारी तीनला, अक्कांची झोपेची वेळ बघून मी त्यांच्या अंगणात शिरले. म्हटलं, उतरता येत नाही बिचारीला, आपण सगळं झकास करून ठेवू. गुलाब छाटले, शेवंती उतरवली, जरबेऱ्याचे वाळके दांडे काढले. मग वर नजर गेली. मेणाच्या वेलीवर जागोजागी नुसते बोडके देठ उभे होते, बोटाच्या पेराएवढे, ना पान ना फूल. गेल्या वर्षीची फुलं गळून गेलेली आणि देठ तसेच राहिलेले. अगं बाई, अक्कांच्या नजरेतून हे सुटलं कसं? मी स्टूल आणलं, वेलीला रीतसर सांगितलं आणि एकेक करून सगळे छाटले. जिथे हात पुरला नाही तिथे खालच्या खिडकीच्या ग्रिलवर पाय देऊन चढले. साठीला आलेली बाई मी. वेल कशी स्वच्छ दिसायला लागली! पिशवी घेऊन मी वर कॉफी प्यायला गेले.

अक्का खुर्चीत बसून होत्या. कॉफी देता देता सहज म्हणाल्या, "या वेलीचं एक विचित्र आहे बघ. बाकी सगळ्या झाडांचं वाळलेलं काढायचं. हिचं काढायचं नाही. फूल गळतंय, देठ राहतोय, आणि पुढच्या वर्षी त्याच देठाला पुन्हा कळ्या येतात. दरवर्षी तिथंच. माझ्या सासूच्या वेळचे देठ आहेत त्याच्यावर."

 पिशवी माझ्या पायाशी होती. ती मी हळूच खुर्चीखाली सरकवली.

"सगळे देठ कापले तर?" मी विचारलं.

"कोण कापतंय? येडी आहे काय कोणी?"

मी "हो ना" म्हणाले आणि पळाले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने डोक्याला हात लावला. एक म्हातारी बाई आयुष्यातलं शेवटचं म्हणून एक फूल मागतेय, आणि मी त्याची जागाच कापून आले होते. मला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. पण लाज वाटली की माणूस शहाण्यासारखं वागतो असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिरवा दोरा घेऊन गेले, पिशवीतले सगळ्यात टवटवीत दहा-बारा देठ निवडले आणि ग्रिलजवळच्या फांद्यांना, वरून दिसतील असे, परत बांधून आले. कळ्या येणार नव्हत्या, पण निदान दिसायला देठ होते. त्यानंतरचे कित्येक दिवस मी समोरून जाताना मान खाली घालून जायची. अक्का हाक मारायच्या, "काय गं पुणेकरीण, कळी दिसते काय बघ." मी खालून बघितल्यासारखं करून म्हणायची, "अजून नाही, अक्का."

उगादीच्या चार दिवस आधी मला ते सहन होईना. मी वर गेले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. पिशवी, स्टूल, दोरा, सगळं. अक्कांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत हे बघून मीही रडायला लागले, आणि आम्ही दोघी बराच वेळ तशाच.

शेवटी अक्का तोंड पुसून म्हणाल्या, "सरी. ठीक आहे. आता ही वेल तू ने."

"मी?"

"तूच. मुलाच्या गॅलरीत ऊन नाही. नवे देठ धरेल ती, वेळ लागेल. कात्री जवळ न्यायची नाही. दर महिन्याला येऊन मला सांगायचं, कुठवर आलं ते. फोनवर नको, तू फोनवर खोटं बोलतेस. आणि फुलली की घेऊन यायची. फूल तोडून नको. वेल."

"अख्खी?"

"मग काय? तोडलीस तर पुन्हा देठ गेला."

अक्का हेब्बाळला गेल्या. समोर पत्रे लागले, आणि थोड्याच दिवसांत तिथे नुसतं आभाळ दिसायला लागलं. वेल आमच्या दारात आली, तिच्या लांब फांद्या बांबूच्या कमानीवर गुंडाळलेल्या. नवऱ्याने माझी कात्री कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शिक्षा भोगायला जावं तशी हेब्बाळला जायची. खाली वॉचमन, मग फोन, मग लिफ्ट. अक्का दारातच विचारायच्या, "कुठवर आलं?" मी सांगायची. नवी पानं. नवा फुटवा. श्रावणात पहिला नवा देठ. मग आमची कॉफी, मग राजाजीनगरातल्या साऱ्या बातम्या, आणि मग अक्कांच्या खिडकीतल्या एकुलत्या एका शेवंतीच्या कुंडीतली वाळलेली फुलं मी काढून द्यायची, कारण त्यांच्या बोटांना आता कात्री धरवत नव्हती. निघेपर्यंत संध्याकाळ व्हायची. दोन शनिवार पाऊस होता तरी गेले. एकदा तापामुळे चुकलं, तर अक्कांनी फोन करून बजावलं की पुढच्या खेपेला दोन महिन्यांचं सांगायला ये.

यंदा, उगादी होऊन गेल्यावर, वेलीवर तीन गेंद आले. तीनच. मी त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहायची. कळ्या असताना डबा हलवला तर त्या गळतात असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून फुलं पूर्ण उमलेपर्यंत थांबले आणि मग एका दुपारी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने वेलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे सगळं?" मी म्हटलं, "अण्णा, सगळं. आणि स्वल्प हळू." मी मागच्या सीटवर एका कोपऱ्यात, डबा मांडीवर, कमान छताला टेकलेली, आणि एक गेंद बरोबर माझ्या नाकासमोर. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी आणि तो रिक्षावाला दोघंही "अय्यो" म्हणायचो. पुढे एका सिग्नलला तो उतरून मागे आला आणि बाहेर लोंबणारी एक फांदी त्याने स्वतःच्या रुमालाने कमानीला बांधली. वॉचमनने नाव, फ्लॅट नंबर आणि कारण विचारलं. कारण काय सांगणार? मी म्हटलं, वेल.

अक्का दारात उभ्या होत्या, भिंतीला धरून. मी डबा त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला. त्यांनी बसून एकेक गेंद हात न लावता, खाली तळवा धरून पाहिला.  संध्याकाळ झाली, वास सुटला, आणि त्या बंद काचांच्या खोलीत आमचं जुनं राजाजीनगर भरून राहिलं.  मी म्हटलं, "अक्का, मला माफ करा. एक वर्ष वाया घालवलं मी तुमचं."

अक्का हसायला लागल्या. आधी हळू, मग त्यांचे खांदे हलायला लागले. तसेच, त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून हलत होते तसे.

"अक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही रडत नव्हता."

"कुठली रडतेय! माझं दुपारी झोपणं कधीच सुटलंय. वरून बघत होते तुला. ग्रिलवर चढलीस तेव्हा जीव गेला माझा, म्हटलं पडतेय आता ही. आणि दुसऱ्या दिवशी दोरा घेऊन आलीस, अय्यो देवा! तोंडात पदर कोंबून बसले मी."

"बघत होता? मग ओरडला का नाहीत?"

"पहिले दोन-तीन कापलेस तेव्हा तोंड उघडलं होतं." अक्का हसायच्या थांबल्या. फुलाखाली धरलेला तळवा त्यांनी काढला नव्हता. "मग म्हटलं, राहू दे. वेल काय, पुन्हा फुलेल. ही पुणेकरीण पुन्हा येणार नाही. निरोप घेऊन, डोळे पुसून जाईल, आणि 'झालं माझं काम' म्हणून घरी बसेल. मग मी तुला कापू दिलं."

वर्षभराचे सगळे दुसरे शनिवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसले, आणि मग रडले, आणि अक्का माझ्या केसांवरून हात फिरवत "पुणेकरीण, पुणेकरीण" म्हणत राहिल्या.

निघताना सवयीने खिडकीपाशी गेले. शेवंतीच्या कुंडीत पाच फुलं चांगली वाळून कोळपली होती. अक्कांनी नेहमीप्रमाणे कात्री शेजारी काढून ठेवली होती. माझ्या हाताला खाज सुटली. कात्री उचलली, वाळक्या फुलांकडे पाहिलं, आणि खाली ठेवली.

"राहू देत," मी म्हणाले, "पुढच्या शनिवारी काढते."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे पाहिलं.

"सरी," त्या म्हणाल्या.